मास्तरीणबाईंचं नाव

मास्तरीणबाईंच्या पेटीत काय होतं, या वादावरून गडहिंग्लजच्या 'खराडे चष्माघर'मधून एक गिऱ्हाईक तावातावानं उठून गेलं, तेव्हाच वैजयंती खराडेला कळायला हवं होतं की प्रकरण हाताबाहेर चाललंय. पण ती उलट त्या गिऱ्हाईक बाईंच्या मागोमाग दुकानाच्या पायरीपर्यंत धावली आणि म्हणाली, "अहो, शिट्टीच होती! पितळेची. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"बांगड्या होत्या. हिरव्या," रिक्षात बसता बसता बाई म्हणाल्या. "आधी स्वतःचे डोळे तपासून घ्या."

वीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं.

आता या मास्तरीणबाई कोण, ते सांगायला हवं. 'घाटातली शाळा' नावाची मालिका रोज संध्याकाळी लागायची. पहिल्याच भागात एक बाई पत्र्याची पेटी घेऊन शेवटच्या एसटीनं घाटातल्या एका वाडीत उतरते आणि बंद पडलेली शाळा उघडते. गाव कोणतं, माहेर कुठलं, लग्न झालंय का, कशाचा पत्ता नाही. इतकंच काय, नावही नाही. वाडी तिला मास्तरीणबाई म्हणते. मालिका दोन वर्षं चालली तरी बाईंनी नाव म्हणून सांगितलं नाही. मग काय, महाराष्ट्रानं कामधंदे सोडून त्यांचा भूतकाळ शोधायला घेतला. वैजयंती 'मास्तरीण मंडळ' नावाच्या गटात होती. तिथं अकोल्याचे तळेगावकर काका छातीठोक सांगायचे की बाई बँकेतून पैसे घेऊन पळालेल्या आहेत. सांगलीहून दाताच्या एक डॉक्टरीणबाई म्हणायच्या, बाई जिवंतच नाहीत, पहिल्या भागातली एसटी दरीत गेलीय. प्रत्येकाकडे पुरावा. आणि गंमत म्हणजे एकाचा पुरावा दुसऱ्याला दिसलेलाच नसायचा.

वैजयंतीकडेही पुरावा होता, पण तो मंडळात सांगण्यासारखा नव्हता.

झालं असं होतं. एका भागात वाडीतला शिपाई मास्तरीणबाईंना लांबून हाक मारतो. बाई फळ्यावर लिहीत असतात. मागे वळूनही न बघता त्या ओरडतात, "पोचले!" आणि खडूनं लिहीतच राहतात.

वैजयंतीच्या हातातलं ताट कलंडलं. कारण हाकेला 'ओ' न देता 'पोचले' म्हणणारी आणि जागची तसूभरही न हलणारी मुलगी अख्ख्या जगात तिला एकच माहीत होती. ती म्हणजे तिची आक्का.

वैजयंतीचे वडील आप्पासाहेब खराडे हे शाळेत ड्रिल मास्तर होते. त्यांची शिस्त साधी होती. हाक एकदाच मारणार, एका हाकेत ओ आली पाहिजे. या शिस्तीला आक्कानं बालपणीच पळवाट काढली होती. झोपाळ्यावर असो, पेरूच्या झाडावर असो, आप्पांची हाक आली की "पोचले!" आप्पा चिडायचे आणि मिशीत हसायचे. आक्का त्यांची फार लाडकी. लाडकी होती म्हणूनच पुढचं सगळं झालं. ती शेतकी शिकायला धारवाडला गेली आणि तिथल्याच मल्लिकार्जुन नावाच्या कानडी मुलाशी लग्न करून मोकळी झाली. आप्पा सीमालढ्यातले. बेळगावात तरुणपणी त्यांनी लाठ्या खाल्लेल्या, पाठीवरचा वळ आंघोळीच्या वेळी अजून दिसायचा. सरहद्दीवरच्या माणसासारखी कानडी त्यांनाही यायची, पण त्या दिवसापासून त्यांनी तोंडातून कानडीचं अक्षर काढलं नव्हतं. लेकीच्या लग्नाचं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह्या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाई." बावीस वर्षं झाली. आई वारली तीही नाव न घेता. त्या घरात ते घेतलं जात नाही, म्हणून आपणही तूर्त तिला आक्काच म्हणू.

वैजयंतीचं स्वतःचं लग्न झालं, मोडलं, ती परत आली आणि आप्पांपाशी राहिली. आक्काशी ती चोरून बोलायची, पण दुकानातून. 'पोचले' ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी शटर वर केल्या केल्या तिनं फोन लावला.

"आक्का, तू कुणा मालिकावाल्याला आपल्या घरचं काही सांगितलंस?"

"मी? मी कशाला सांगू? का गं?"

"मास्तरीणबाई 'पोचले' म्हणाल्या. अगदी तुझ्यासारखं."

"काय पोचले?"

"आप्पांनी हाक मारली की तू म्हणायचीस ते!"

पलीकडे आक्का विचारात पडली. "मी असं म्हणत होते? खरंच?" मग मागून तिच्या सासूबाईंची हाक आली आणि ती फोन बाजूला धरून ओरडली, "बंदे, अत्ती, बंदे!" आले, सासूबाई, आले. "वैजू, ठेवते गं. अत्तींना औषध द्यायचंय."

वैजयंती फोनकडे बघत बसली. ज्या शब्दावर तिनं एवढी वर्षं जीव टाकला, तो आक्का चक्क विसरली होती. आणि टीव्हीतल्या बाईला तो पाठ होता. हे काय गौडबंगाल आहे, हे तिला उमजेना.

तिनं धीर करून मंडळात विचारलं, परवा शिपायाच्या हाकेला बाई काय म्हणाल्या? उत्तरं बघून तिचं डोकं गरगरलं. "आले की!" "काय ते?" "जी, दादा." जालन्याच्या दोन जुळ्या बहिणींनी शपथेवर सांगितलं की बाई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या हुंकारल्या. एकानं मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण टाकलं. तीच शाळा, तोच फळा, तोच शिपाई, आणि बाई म्हणतात, "आले की!" तळेगावकर काकांनी लगेच आपलं टाकलं. त्यात "काय ते?" आणि दोन्हीकडे ओठ शब्दाशी तंतोतंत जुळत होते. मंडळात भांडणं जुंपली. काकांनी दाताच्या डॉक्टरीणबाईंना खोटारड्या म्हटलं, त्यांनी काकांच्या कवळीचा उद्धार केला.

त्या गदारोळात हर्षल टिपणीस नावाच्या सभासदानं वैजयंतीला वेगळा फोन केला. तो नाशिकचा. मालिका बनवणाऱ्या कंपनीत यंत्रांवर काम करायचा, वर्षभरापूर्वी नोकरी सोडलेला.

"ताई, तुम्ही सगळे बरोबर आहात," तो म्हणाला. "प्रत्येक घरात वेगळी मास्तरीणबाई दिसते."

"म्हणजे? एवढ्यांदा शूटिंग करतात?"

"शूटिंग एकदाच. नटी फक्त सांगाडा करून देते. उठणं, बसणं, चालणं. तिचा आवाज, ओठ, हातातली वस्तू हे सगळं तुमच्या घरातला टीव्ही भरतो, तिथल्या तिथं. टीव्हीच्या कडेला बारीक भिंग असतं ना? ते तुमच्या डोळ्यांची बाहुली बघतं. ती कधी मोठी होते, पापणी कधी मिटते, श्वास कुठं अडतो. तुम्ही चष्म्याच्या धंद्यातल्या, तुम्हाला माहीतच आहे."

वैजयंतीला माहीत होतं. मन लागलं की बाहुली मोठी होते, मग समोर प्रकाश तेवढाच असला तरी.

"आणि तो ऐकतोसुद्धा," हर्षल म्हणाला. "खोलीत बोललेलं सगळं. कथा त्याला कळत नाही, ताई. माया, राग, काही कळत नाही. त्याला एकच काम दिलंय, नजर पडद्यावरून हलता कामा नये. तुमच्या घरातला एखादा शब्द तो बाईंच्या तोंडी घालून बघतो. बाहुली मोठी झाली, तर ठेवतो. नाही झाली, तर टाकून देतो आणि दुसरा घेतो. शिंपी माप घेऊन कपडा बेततो, तसं रोज थोडं थोडं."

"मग बाईंचा खरा भूतकाळ काय आहे?"

हर्षल हसला. "नाहीच आहे. लेखकांना मुद्दाम रिकामा ठेवायला सांगितला. रिकाम्या जागेत प्रेक्षक स्वतःचंच माणूस भरतो. तळेगावकर काकांच्या घरात कुणीतरी नक्की पैसे घेऊन पळालेलं असणार."

वैजयंतीला हसू आलं नाही. 'पोचले' हा शब्द ती घरात कधीच बोलली नव्हती. घरात ती सोडून एकच माणूस होतं.

त्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून ती घरी गेली आणि चप्पल बाहेर काढून दारापाशी थांबली. आत कालच्या भागाचं पुनःप्रक्षेपण लागलं होतं. आप्पा नेहमीच्या खुर्चीत पाठमोरे. त्यांची मान आखडलेली असायची, मागं बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे, म्हणून ते सहसा बघतच नसत. हातात त्यांची जुनी पितळेची शिट्टी. अंगठ्यानं ती चोळत ते पडद्याशी बोलत होते.

"पोचले म्हणायचीस आन् जागची हलायची न्हाईस. पेरूच्या झाडावर बसायचीस वानरागत. आता बरी शाळा शिकवतीयास." थोडं थांबून म्हणाले, "जेवलीस का?"

पडद्यावरच्या मास्तरीणबाईंनी मान वर करून गोड हसून समोर बघितलं. आप्पाही हसले. बावीस वर्षांत वैजयंतीनं त्यांचं तसलं हसणं पाहिलं नव्हतं. तिला आधी भरून आलं आणि लगोलग राग आला. धारवाडला हाडामांसाची लेक त्यांच्या एका हाकेसाठी झुरतेय, आणि हे टीव्हीला जेवलीस का विचारतायत!

रात्रीच्या जेवणाला तिनं जपूनच विषय काढला. "आप्पा, दुपारचं कुणासंगं बोलत हुता?"

"कुणासंगं बोलू? वेळ जात न्हाई."

"टीव्हीसंगं बोलत हुता."

"मला काय खुळ लागलंय व्हय? टीव्ही हाय त्यो, मला कळत न्हाई?" आप्पांनी ताट बाजूला सारलं. जरा वेळानं नरमाईनं म्हणाले, "पर ती ऐकती गं."

वैजयंतीनं ताट परत त्यांच्यापुढं सरकवलं.

त्याच सुमारास जाहिराती सुरू झाल्या. मालिका संपणार आणि शेवटच्या भागात मास्तरीणबाई आपलं नाव सांगणार! मंडळाला ताप चढला. वैजयंतीनं हर्षलला विचारलं, "कुठलं नाव सांगणार?"

"ठरवलेलं नाही. ज्या घरात जे नाव घुमत असेल, ते. त्या नावाची बाई, तीच ओळख, तोच परत येण्याचा सोहळा. सगळी घरं रडणार आहेत, ताई."

"आणि ज्या घरात नाव कुणी घेतच नसेल?"

"मग यंत्राकडे नाव नसेल. ते गप्प राहील आणि ऐकेल. त्याला घाई नसते."

आता वैजयंतीची झोप उडाली. भाग लागणार, पडद्यावरची लेक आप्पांच्या दारात येणार, आप्पांचं मन निवणार. ती बाई त्यांना कधी उलटून बोलणार नाही, कानडी नवरा आणणार नाही, म्हातारी होणार नाही. नवीन मालिकेतही कंपनी तिला कुठल्या तरी रूपानं ठेवीलच. मग खऱ्या आक्काला बोलवायची आप्पांना गरज काय उरली? ती स्वतःशीच घोटाळली. म्हातारपणी बापाला मिळालेलं सुख हिरावून घेणारे आपण कोण? आणि ते सुख खोटं आहे, हे माहीत असून गप्प बसणारे तरी आपण कोण? दोन्ही बाजूंनी तिला स्वतःचंच वाईट वाटलं. शेवटी तिनं फोन उचलला.

"मी येऊन काय करू?" आक्का म्हणाली. "त्यांनी मला हाक मारली का? एकदा नावानं हाक मारू दे, अनवाणी येते."

"टीव्हीला मारत्यात."

"मग टीव्हीलाच देऊ दे की ओ."

"देईल ना!" वैजयंतीचा आवाज चढला. "तेच सांगतीय तुला. ती टीव्हीतली परवा ओ देईल आणि मग आप्पांचं काम झालं. तुझी जागा भरली, आक्का. मग तू नसलीस काय आणि आलीस काय."

"येते," आक्का म्हणाली. "पण मी तोंड उघडणार नाही. त्यांनी नाव घेतलं तर घेतलं. नाही तर मागच्या दारानं आले तशी जाईन."

शेवटच्या भागाच्या संध्याकाळी ती खरंच मागच्या दारानं आली. केस पिकलेले, अंगावर इरकल साडी, कपाळावर विभूतीचं बोट. वैजयंतीनं तिला मिठी मारली ती न बोलता, कारण पुढच्या खोलीतला टीव्ही कान लावून बसलेला. आक्का स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिथून तिला आप्पांचं टक्कल, आखडलेली मान आणि पलीकडे पडदा दिसत होता. आप्पांनी आज इस्त्रीचा सदरा घातला होता. शिट्टी गळ्यात.

भाग सुरू झाला. वाडी शाळेच्या अंगणात जमलेली. मास्तरीणबाई निघाल्यात, हातात पेटी. वैजयंतीनं जवळून बघितलं आणि ती चरकली. बाईंची हनुवटी आक्काची होती. नाव गेलं तरी भिंतीवरून न उतरलेल्या जुन्या फोटोवरून टीव्हीनं ती कधीच उचलली होती. चौकटीतली आक्काही टक लावून बघत होती, स्वतःच्याच तरुण तोंडाकडे. तिचा हात आपोआप स्वतःच्या सुटलेल्या हनुवटीकडे गेला.

"बाई, आता तरी नाव सांगा," पडद्यावरचा शिपाई म्हणाला.

मास्तरीणबाई वळल्या आणि सरळ आप्पांकडे बघू लागल्या. "मी काय सांगू? तुम्हीच ठेवलंय ना? तुम्हीच घ्या."

आणि त्या थांबल्या. अंगणातली माणसं थांबली, झाडाचं पानसुद्धा हलेना. महाराष्ट्रातल्या इतर घरांत एव्हाना सुनंदा, जयश्री, शकुंतला अशा नावांनी रडारड सुरू झाली असणार. खराड्यांच्या घरात यंत्र नुसतं ऐकत होतं. वैजयंतीच्या जिभेवर नाव आलं. एक शब्द बोलली असती, तर यंत्रानं तो उचलला असता आणि संपलं असतं. तिनं दातांनी पदर धरला.

आप्पा शिट्टी चोळत होते. एकदा खाकरले. "हजेरीला पयलं नाव तुझंच असायचं," ते पुटपुटले आणि परत शिट्टी चोळू लागले. चौकटीतल्या आक्कानं डोळे मिटले. तिनं कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि मागच्या दाराकडे पाऊल टाकलं.

तेवढ्यात आप्पा खुर्चीत ताठ झाले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जायचा तो ड्रिल मास्तरचा आवाज त्यांनी लावला.

"कालिंदी!"

"पोचले!" पडद्यावरची म्हणाली. तोच नखरा, तोच हेल, शेवटच्या अक्षराला तीच मुरड.

"बंदे!" स्वयंपाकघरातून आलं.

आक्कानं तोंडावर हात दाबला. बावीस वर्षं ज्या घरात रोज हाका ऐकल्या, तिथली ओ तिच्या तोंडून निसटली होती. वैजयंतीला वाटलं, निदान मराठीत तरी ओ द्यायची! आप्पांच्या पाठीवरचा वळ तिच्या डोळ्यांसमोर आला.

आप्पा हलले नाहीत. समोर त्यांना हवी तशी लेक हसत उभी होती, आणि मागून आलेली ओ त्यांच्या नावडत्या भाषेतली होती. त्यांची नजर पडद्यावरून जराशी ढळली असावी, कारण मास्तरीणबाई घाईनं एक पाऊल पुढं आल्या. "पोचले, आप्पा!" म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं, संगीत वाढलं, पेटी उघडली आणि त्यातून पितळेची शिट्टी निघाली.

आप्पांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. आधी खांदे, मग कंबर, मग आखडलेली मान, असे ते अख्खे मागं फिरले. चौकटीत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या पिकल्या केसांच्या बाईकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. विभूती बघितली, इरकल बघितली.

"हललीस की जागची," ते म्हणाले.

आक्का नुसती मान हलवत राहिली.

आप्पांनी गळ्यातली शिट्टी काढून हात पुढं केला, आणि सीमालढ्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून कानडी आली. "बा," ते म्हणाले. "इल्ली बा." ये. इकडे ये.

आक्का गेली. मागं टीव्हीत मास्तरीणबाई "पोचले, आप्पा, पोचले" म्हणत होत्या, पण तिकडे कुणी बघत नव्हतं.